पंखाच्या मुळाशी

बेनेडिक्टो कायमचा मनिलाला परतला तेव्हा
फ्रिज कुणी नेला, सायकल कुणी नेली,
मला चाळीस दिरहमला हा खोका मिळाला.
डकोटा, बत्तिसास एक.
झाकणावर निळं आभाळ, आत करड्या प्लास्टिकचे
दोनशे अकरा तुकडे,
एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही.

हमरियाच्या यार्डात माझं काम मोजण्याचं.
सांध्यात पातं घालायचं, आकडा बघायचा,
जास्त भरला तर लाल खडूनं फुली.
माझ्या फुलीला वेल्डर शिव्या घालतात
मल्याळममध्ये, बंगालीत,
एक जण चक्क कोल्हापुरीत.
आणि घरी, जेवणाच्या टेबलावर,
धडाचे दोन अर्धे जोडून बघतो तर
नाकाशी जुळले की शेपटीशी आ वासतात,
शेपटी दाबली की नाक फेंगडं.
पंखाच्या मुळाशी अशी फट
की हेमलता म्हणाली, यात माझी सुई हरवेल.
हा माल यार्डात आला असता
तर गेटावरूनच परत लावला असता.

डावा पंख वाकलेला.
तीन उन्हाळे खोका बाल्कनीत होता म्हणे.
इथं ऑगस्टात थंडचा नळ सोडला
की गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं.
पंख त्याखाली धरला,
पोळपाटावर निजवला, वर तांदळाची पाच किलोची पिशवी,
आणि रात्रभर पाणी प्यायलासुद्धा
कुणी स्वयंपाकघरात गेलं नाही.
सकाळी सरळ.
म्हणजे, जवळजवळ.

सूचनांचा कागद अकरा भाषांत.
भाग जुळले नाहीत तर काय करावं
हे एकाही भाषेत नाही.

लांबी संपली, फट उरली.
मग ड्रॉवरातून जुनी कार्डं काढली,
बँकेचं, ग्रंथालयाचं,
आणि माझा पहिला बताका, केव्हाच रद्द झालेला.
पट्ट्या कापल्या. एक चिकटवली, घासली,
वर दुसरी.
फोटोतल्या मला तेव्हा मिशी होती.
मिशी उजव्या पंखात गेली,
डाव्यात अर्धा कान,
आणि हुद्दा: हेल्पर.
नावाशी मात्र कानस थांबली.
उजवीकडून डावीकडे लिहिलेलं नाव,
ज्या लिपीत ळ नाही.
हळदणकर तिथं बसेना,
म्हणून तासून हलदनकर केला होता,
आणि पगार इतकी वर्षं त्यालाच मिळतोय.
त्याला न घासता आत ठेवला,
जिथं भार येतो तिथं.

आमचा रस्ता फार सरळ आहे.
का, ते कळायला मला नऊ वर्षं लागली.
ही पूर्वी धावपट्टी होती,
नातूर शेर जमान असं सांगतो
जणू पहाटे उठून त्यानंच झाडली.
आता तिच्यावर सिग्नल, शवर्मा,
मोबाइल दुरुस्तीची दुकानं,
आणि तिसऱ्या मजल्यावर मी,
नखांत करडी पूड, खिडकी उघडी
कारण गोंदाच्या वासानं हेमलताचं डोकं चढतं.

मार्चअखेर यार्ड बंद होतंय.
तिनं काल पंख टेपनं मोजले, ब्लाउजाचं माप घेतल्यासारखे.
नव्वद सेंटीमीटर.
हे कुठल्या बॅगेत घालणार? तिनं विचारलं.
विमानातून विमान नेता येत नाही,
हे मला खोका घेतानाच कळायला हवं होतं.

शेर जमान भाड्याची पावती द्यायला आला,
चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला.
उडेगा? नहीं.
मग त्यानं एक बोट पंखावरून फिरवलं,
धडापर्यंत नेलं, परत आणलं.
जोड किधर है?

काल पातं घालून पाहिलं होतं.
पॉइंट चार. यार्डात फुली.

मी त्याचं बोट धरलं
आणि नेमकं तिथं ठेवलं.